सुप्त की गुप्त

४ सप्टेंबर

“ही सगळी बापावर गेलीय, हिला हाका मारून काही उपयोग नाही.” आई हे वाक्य शेजारच्या काकूंना म्हणाली, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. खिडकीत बसून ढगांकडे बघत होते. आईच्या हाका काही ऐकू आल्या नव्हत्या, पण हे वाक्य नेमकं आलं, आणि मला कोडं पडलं. बापावर जायचं म्हणजे कुठे जायचं? बाबा तर दुकानात होते, लोकांचे मुके झालेले रेडिओ उघडून बसलेले.

आज ते वाक्य आठवलं, कारण मोठ्या बाईंनी मला बोलावून सातवीचं विज्ञान माझ्या गळ्यात घातलं. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. “आनुवंशिकतेचा धडा शिकवायचा सोडून करूनच दाखवायला निघाल्या,” असं शिक्षकखोलीत कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मी जरा उशिरा हसले.

“चाचणीपर्यंत तुमच्याकडे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मग मी पेपर बघेन आणि ठरवू. जमलं तर वर्षभर वर्ग तुमचा. नाहीतर बाहेरून कोणीतरी आणावं लागेल.”

वीस वर्षं मी भाषा शिकवली. म्हणी, समास, पत्रलेखन. नाही म्हणायला हवं होतं. पण दुपारी घरी आल्यावर तो धडा उघडला आणि गेलेच मी. धड्यात वाटाण्याच्या वेली आहेत आणि त्यांचे दाणे मोजत बसलेला एक संन्यासी. मला मात्र एक लांबच लांब व्हरांडा दिसला. त्यात रांगेने उभी माणसं, प्रत्येकाच्या मुठीत काहीतरी झाकलेलं, आणि प्रत्येक जण ते न बघताच पुढच्याच्या हातात देतोय. रांगेच्या या टोकाला मी उभी आणि माझ्या पुढे माझी लेक, भुंगी.

हा वर्ग मला हवाय. इतकं काही हवंसं वाटून किती वर्षं झाली.

९ सप्टेंबर

पहिला तास. पुस्तक मिटूनच ठेवलं आणि विचारलं, “कोण कोणावर गेलंय?”

“बाई, मी सायकलवर जातो!” मागून आवाज आला. तो आवाज मोठा होता, म्हणून कळला. बाकी सगळे हसत होते. मग एकेक सुरू झाले. एकीची हनुवटी आजीची. एकाचे कान मामाचे, “आणि मामाला ते परत नकोत,” असं तोच म्हणाला. पुढच्या बाकावरच्या मुलीने मात्र हात वर करून विचारलं, “बाई, जो कोणावरच गेला नाही, तो कुठे जातो?”

हिला वर्गात सगळे शंकासुर म्हणतात. तिला ते आवडतं, असं दिसतं. उत्तर ऐकताना ती डोळे बारीक करते, जणू उत्तरात एखादा खडा असेल आणि तो दाताखाली यायच्या आत तिला काढायचाय.

“बघू,” म्हणाले. बाईंनी “बघू” म्हटल्याचं मुलांना फार नवल वाटलं.

१३ सप्टेंबर

पुस्तकातला एक शब्द मला आवडत नाही. दिसतो तो गुण प्रभावी आणि दिसत नाही तो ‘अप्रभावी’. अप्रभावी म्हणजे ज्याचा काही उपयोग झाला नाही, असं औषध. बिचारा गुण दोन पिढ्या मुकाट्याने चालत येतो, तिसऱ्या पिढीत जोडीदार भेटला की डोकं वर काढतो, आणि आपण त्याला अप्रभावी म्हणायचं? मी फळ्यावर लिहिलं ‘सुप्त’. झोपलेला. मुलांना सांगितलं, हा गुण मेलेला नाही, हरलेला नाही, नुसता पांघरूण घेऊन पडलाय. सगळा वर्ग असा शांत झाला की पांघरुणाची हालचालसुद्धा ऐकू यावी.

संध्याकाळी भुंगी बाहेरून आली ती कानांवर हात ठेवूनच. पाळण्यात होती तेव्हा सारखी गुणगुणायची, म्हणून हे नाव चिकटलं. एकोणीस वर्षांची झाली तरी निघालं नाही. “आई, टीव्ही जिन्यापर्यंत ऐकू येतोय!”

“अगं, बाबांसाठी.”

“आजोबा आत झोपलेत.”

खरंच झोपले होते. हे गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, त्यामुळे टीव्ही मोठा ठेवायची सवय लागलीय. बाबांना कित्येक वर्षं ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणून दिलं तेव्हा म्हणाले, “जन्मभर यंत्रांना बोलतं केलं, आता मलाच यंत्र करता?” आणि डबी कपाटात टाकून दिली. तेव्हापासून ते माणसांत जात नाहीत. “कधी हसायचं ते कळत नाही गं,” म्हणतात. आमच्याशी बोलताना ओठांकडे बघतात. बघता बघता बरंच काही ओळखतात, न बोललेलंसुद्धा.

१८ सप्टेंबर

आज बटणांचा तास. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून काळी आणि पांढरी बटणं आणली, दोन कापडी पिशव्यांत मिसळून भरली. एक आईची पिशवी, एक बाबांची. डोळे मिटायचे, दोन्हींतून एकेक बटण काढायचं, झालं तुमचं बाळ. काळं प्रभावी. एक जरी काळं आलं तरी बाळ काळ्या बटणाचं. पांढरं दिसायला दोन्हीकडून पांढरंच यायला हवं.

डोळे मिटून पिशवीत हात घातलेली मुलं काय दिसत होती! एरवी एक मिनिट स्वस्थ न बसणारी, अशी उभी की जणू पाण्यात हात घालून मासा यायची वाट बघताहेत. एकाला दोन काळ्या आईबाबांपोटी पांढरं बाळ झालं. “आता शेजारी काय म्हणतील!” तो म्हणाला. “शेजाऱ्यांना पिशवी दाखवायची,” दुसरी म्हणाली.

मी फळ्यावर आकृती काढत होते तेवढ्यात शंकासुराने मागून काहीतरी विचारलं. मी वळले. “काय म्हणालीस? गुप्त?”

तिने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“गुप्त गुण!” मी म्हणाले. “अगं, किती सुंदर शब्द दिलास! सुप्त म्हणजे नुसता झोपलेला. गुप्त म्हणजे जागा आहे, सगळं ऐकतोय, पण कोणाला सांगत नाहीये. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा.” मी ‘सुप्त’ पुसलं आणि त्या जागी ‘गुप्त’ लिहिलं. मुलं एकमेकांकडे बघत होती. शंकासुराने वर्गाकडे वळून मान हलवली, तशी सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

वीस वर्षांत एखाद्या मुलाने मला शब्द दिला, असं पहिल्यांदाच झालं.

२० सप्टेंबर

डाळ करपली. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून गेलं. मी स्वयंपाकघरातच होते, खिडकीशी, त्या व्हरांड्यातल्या माणसांचा विचार करत. भुंगी म्हणते, “तुझं लक्ष असतं कुठे?” विषयात बुडालेय, दुसरं काय. बाबा करपलेली डाळ जेवले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

२६ सप्टेंबर

तास संपल्यावर शंकासुर टेबलापाशी थांबली. ती काका-काकूंकडे वाढली आहे, तान्ही असल्यापासून. “बाई, सगळे म्हणतात, मी काकूसारखी हसते. पण काकू तर बाहेरून आलेली. मग तिचं हसू माझ्यात कसं आलं? कोणत्या पिशवीतून?”

आता विज्ञानाच्या बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, कोण जाणे. माझ्या तोंडून म्हणच आली. “ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.”

“ही म्हण वाईट संगतीसाठी असते ना?”

“असते. पण ज्याने केली त्याला विज्ञान बरं येत होतं. बघ, वाण म्हणजे रंग. तो पिशवीतूनच यावा लागतो, शेजारी बांधून लागत नाही. गुण मात्र शेजारून लागतो. वाईट लागतो तसा चांगलाही लागतो. तुझं हसू पिशवीतलं नाही. ते तू ऐकून ऐकून घेतलंस.”

ती हसली. मोठं, आडवं, सगळे दात दाखवणारं हसू. तिच्या काकूंना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या क्षणी पाहिलं.

३ ऑक्टोबर

वर्ग किती गुणी झालाय! पूर्वी सातवीचा गोंगाट खालच्या मजल्यापर्यंत यायचा म्हणतात. माझ्या तासाला मुलं हळू बोलतात, एका वेळी एकच जण, आणि बोलायच्या आधी हात वर करून माझं लक्ष जाईपर्यंत थांबतात. मी न सांगताच बाकं थोडी पुढे सरकलीत. शंकासुर जरा आगाऊ झालीय खरी. मागच्या बाकावरून कोणी काही विचारलं की ही वळते आणि माझ्याकडे तोंड करून तोच प्रश्न खणखणीत आवाजात पुन्हा म्हणते, दवंडी दिल्यासारखी. एकदा बजावलं, “त्यांना तोंड आहे ना?” ती “हो बाई” म्हणाली. पुढच्याच प्रश्नाला पुन्हा तेच.

दुपारी खाली शाळेच्या अंगणात झाडाखाली बसले होते. झाडावर चिमण्या होत्या, भरपूर, चोची उघडत-मिटत. आवाज मात्र नव्हता. सगळं कसं मऊ झालंय हल्ली. काचेमागे ठेवल्यासारखं. मला वाटतं, मन एखाद्या गोष्टीत रमलं की जग आपणहून चार पावलं मागे सरत असावं. बाबांच्या चेहऱ्यावर कधी कधी अशीच शांती असते.

११ ऑक्टोबर

शाळेतून आले ती चप्पलही न काढता लिहायला बसलेय.

मोठ्या बाईंनी चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. “बसा. हे काय आहे, ते सांगा. प्रभावी गुण आणि गुप्त गुण. गुप्त, गुप्त, गुप्त. सगळ्याच्या सगळ्या वर्गाने लिहिलंय. एकाने केली तर त्याची चूक. सगळ्यांनी केली तर एक तर कॉपी, नाहीतर बाईंची.”

मी अभिमानानेच म्हणाले, “चूक नाही ती, तो आमचा वर्गाचा शब्द आहे. एका मुलीने दिलाय.”

शंकासुराला बोलावणं गेलं. ती आली, बुटांकडे बघत उभी राहिली आणि काहीतरी पुटपुटली.

“जरा मोठ्याने बोल.”

तिने मान वर केली. माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, “बाई, मी सुप्तच म्हणाले होते. सुप्त गुण जागा कधी होतो, असं विचारलं होतं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला तो शब्द इतका आवडला होता.”

“आणि बाकीच्यांनी?”

“त्यांना मीच सांगितलं. बाईंसमोर गुप्तच म्हणायचं. पेपरातही गुप्तच लिहायचं. नाहीतर बाईंना कळेल.”

“काय कळेल?”

तिने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई खिडकीकडे बघायला लागल्या. मग शंकासुरच बोलली, अगदी हळुवारपणे, आणि तरीही मला ऐकू जाईल अशा बेताने: “तुम्ही फळ्याकडे वळलात की तुम्हाला आमचं ऐकू येत नाही ना, बाई. म्हणून आम्ही थांबतो.”

सगळा वर्ग माझ्यासाठी थांबत होता. आणि मी म्हणत होते, गुणी झालाय.

१९ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर जाड टोपणं, हातात बटण. “आवाज आला की दाबा.” सुरुवातीला आले. मग बराच वेळ काहीच नाही. काचेपलीकडे बाईंचा हात सारखा फिरत होता, म्हणजे त्या आवाज पाठवत होत्या. मी बसून राहिले, त्या रिकाम्या, उबदार शांततेत. खोटं कशाला लिहू, क्षणभर तिथून उठावंसं वाटेना.

“बारीक आवाज आधी जातात,” त्या नंतर म्हणाल्या. “शिट्टी, पाखरं, स, श, त. शब्दाचं टोक तुटून येतं आणि उरलेलं मन आपणच भरून घेतं. घरात कोणाला होतं का असं?”

तोंडाने सांगायच्या ऐवजी मी त्यांच्याच कागदावर घराण्याची आकृती काढून दिली, पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. बाबांचा चौकोन, त्यांच्या आईचं वर्तुळ, ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांना आतून काळं केलेलं. माझं वर्तुळ काढलं आणि पेन्सिल थांबली. त्यांनी ते अलगद काळं केलं.

“छान काढता,” त्या म्हणाल्या. “शिकवता का?”

हा गुण एका बाजूने आला तरी पुरतो म्हणे. म्हणजे प्रभावी. मी इतके दिवस सुप्तांची बाजू घेऊन भांडत होते, आणि माझा तर टक्क जागा होता. झोपले होते ती मीच.

दोन्ही कानांना यंत्रं मिळतील. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं नीट ऐकू येईल.

घरी येऊन भुंगीला सांगितलं. तिच्यात हे असायची-नसायची शक्यता निम्मी-निम्मी आहे, हेही सांगितलं. वर्गात किती सहज सांगते मी हे! ती केस विंचरत होती. कंगवा थांबला, मग पुन्हा चालू झाला. “मला आज ऐकू येतंय, आई. आज एवढं पुरे.” जरा वेळाने जवळ येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि गुणगुणायला लागली. कानाला फारसं कळलं नाही, खांद्याला कळलं.

बाबांना सांगायची गरजच पडली नाही. त्यांनी दारातच माझा चेहरा वाचला. मग खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ हाताचा तळवा नुसता कानावर ठेवून होते. अपराध्यासारखे.

२५ ऑक्टोबर

यंत्रं लावून पहिला दिवस. कागद किती ओरडतो! वर्गात पाऊल टाकलं तर बाकं, चपला, कंपासपेट्या सगळं एकदम अंगावर आलं. सातवी अजिबात गुणी नाही. फार बरं वाटलं.

मोठ्या बाईंनी निर्णय सांगितला. “वर्ग तुमचाच. पेपर मी पुन्हा तपासले. शब्द चुकला असला तरी मुलांना विषय कळलाय, असा कळलेला मी क्वचित पाहिलाय. फक्त एक करा. केस जरा पुढे घ्या आणि कानांचं बाहेर बोलू नका. उद्या एखादे पालक अर्ज घेऊन उभे राहिले, की बाईंना ऐकू येत नाही, तर मला वर्ग काढून घ्यावाच लागेल. माझाही नाइलाज असतो हो.”

मी “बरं” म्हणाले आणि जिना उतरले. जिन्यात शंकासुर भेटली. तिने दोन्ही यंत्रं पाहिली, इकडे तिकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. कोणाला सांगणार नाही, म्हणून.

एवढीशी पोर. माझ्यासाठी तिने चुकीचा शब्द पेपरात लिहिला, सगळ्यांकडून लिहून घेतला, आणि आता हेही सांभाळणार. तिला मी शिकवलं काय? की रक्तातून आलेलं झाकायचं असतं?

२७ ऑक्टोबर

ठरलं. शुक्रवारी या धड्याचा शेवटचा तास आहे. त्या तासाला मी केस मागे बांधून जाणार आणि डॉक्टरीणबाईंना काढून दिलेली आकृती फळ्यावर काढणार. अर्ज आला तर येईल. वर्ग गेला तर जाईल. वर्ग गेला तर मी रडेन, तेही इथे लिहून ठेवते. पण आनुवंशिकता शिकवणाऱ्या बाईंनी वाटाणे तेवढे दाखवायचे आणि स्वतःला लपवायचं, हे आता मला जमणार नाही.

भुंगीला सांगितलं. ती म्हणाली, “मोठ्या बाई चिडतील.” मग म्हणाली, “केस मी बांधून देईन.”

एकच गोष्ट राहिली. फळ्यावरचा चौकोन मुलांना काय कळणार? त्यांनी माणूस बघायला हवा. तीस वर्षं ओठ वाचत जगलेला, न ऐकता दोन मुलींना, मला आणि माझ्या मुलीला, वाढवलेला माणूस. शंकासुर त्याला शंभर प्रश्न विचारेल. ती बोलताना कशी समोर तोंड करून बोलते, ते त्यांनाही बघायला मिळेल.

ते नाही म्हणणार. फाटकापलीकडे गेल्याला किती दिवस झाले, त्यांना तरी आठवत असेल का. मला त्यांच्यामुळे हे आलं, या विचाराने तर ते आणखीच मिटून गेलेत. मान हलवतील, पेपर वर धरतील, पेपरामागे जातील. तरी विचारणार आहे. आता समोरच बसलेत, खिडकीशी, उन्हात. ओठांवरून वाचताना एखादं अक्षर निसटलं असं म्हणायला जागा राहू नये, म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हातात देते:

बाबा, शुक्रवारी माझ्याबरोबर शाळेत याल? मुलांना मला माझे वडील दाखवायचे आहेत.